सोसणारा कोण?



वयोमानामुळे मी आता पायी वारी करीत नाही. दिंडीच्या सामानाच्या गाडीत पुढे बसतो आणि मुक्कामाला पोचून माणसांची वाट पाहतो. मागच्या आषाढीला अशाच एका मुक्कामी, हरिपाठ आटोपल्यावर, राहुटीत चार तरुण पोरांचा वाद जुंपला. एकाच्या मोबाईलवर कुठल्याशा स्फोटाची चित्रे आली होती. एक म्हणे, त्यांचा धर्मच तसा. दुसरा म्हणे, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. तिसरा म्हणे, तू कोणाच्या बाजूचा ते आधी सांग. आवाज चढले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, तुम्ही एवढे ग्रंथ वाचलेत. तुम्हीच निकाल द्या."

मी त्या रात्री निकाल दिला नाही. चढलेल्या आवाजाला उत्तर दिले की तो आणखी चढतो, एवढे कीर्तनाच्या उभ्या आयुष्यात कळले आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. तासभर वाद झाला, त्यात मेलेल्या माणसांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. ती माणसे कोण होती, कशासाठी तिथे जमली होती, हे कोणी विचारले नाही. म्हणून निकालाऐवजी मी काही हकिकती सांगतो. निकाल तुमचा तुम्ही करा.

सिंध प्रांतात, सिंधू नदीच्या काठाशी, सेहवान नावाचे गाव आहे. तिथे लाल शहबाज कलंदर या सूफी संताची समाधी आहे. त्यांचे देहावसान १२७४ सालचे मानतात. आपल्या ज्ञानोबामाउलींचा जन्म शके ११९७ चा, म्हणजे १२७५ चा. एवढा जुना तो दर्गा. मुसलमान तर तिथे येतातच, पण सिंधमधले हिंदूही नवस बोलायला येतात. रोज सूर्यास्ताला तिथे नगारे झडतात आणि भाविक देहभान विसरून नाचतात. त्या नाचण्याला 'धमाल' म्हणतात. बाया नाचतात, पुरुष नाचतात, फकीर नाचतात. आपल्याकडे पावली आणि फुगडी पाहिलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१६ फेब्रुवारी २०१७ हा गुरुवार होता. दर्ग्याला गुरुवारी जास्त गर्दी, जशी आपल्याकडे एकादशीला. धमाल रंगात आली असताना गर्दीत शिरलेल्या एका माणसाने अंगावर बांधलेला स्फोट उडवला. ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती. 'इस्लामिक स्टेट' या संघटनेने ते कृत्य आपले म्हणून सांगितले.

ही एकच घटना असती तर आपण एका माथेफिरूचे काम म्हणून सोडून दिले असते. पण मागे जाऊन पाहा. ५ मार्च २००९, गुरुवार. पेशावरजवळ पश्तो भाषेतले थोर संतकवी रहमान बाबा यांच्या समाधीला सुरुंग लावले गेले. बायका तिथे दर्शनाला येतात, हा राग त्यामागे होता. १ जुलै २०१०, पुन्हा गुरुवार. लाहोरच्या दाता दरबारात दोन आत्मघातकी स्फोट झाले आणि चाळीसच्या आसपास भाविक मेले. तो दर्गा अली हुजवेरी यांचा, अकराव्या शतकातला. तिथे रोज हजारो गोरगरीब जेवतात. २२ जून २०१६ ला, ऐन रमजान महिन्यात, कराचीत कव्वाल अमजद साबरी यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि त्यांना ठार केले. वडील गुलाम फरीद साबरी यांच्याकडून आलेली गायकी ते गात होते. परमेश्वराची आणि पैगंबराची स्तुती गाणे, एवढाच त्यांचा धंदा आणि एवढाच त्यांचा धर्म.

ही शेवटची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि माझा हात वीणेकडे गेला. नुसता गेला. घरात कोणाला काही बोललो नाही. देवापुढे गाणाऱ्या माणसाला मारले, हे वाचल्यावर तो कोणत्या भाषेत गात होता हा प्रश्न मला तरी सुचला नाही.

आता यामागची विचारसरणी समजून घेऊ, कारण तिचा इतिहास जुना आहे. समाधीला माथा टेकवणे म्हणजे देवाच्या जागी दुसऱ्याला बसवणे, गाणे-वाजवणे हे पाप, बायकांनी तिथे येणे हे त्याहून मोठे पाप, असे मानणारा एक कडवा पंथ आहे. अठराव्या शतकात अरबस्तानातल्या नज्द प्रांतात तो बळावला. १८०२ च्या सुमारास त्याच्या फौजेने इराकमधल्या करबला शहरावर चाल करून इमाम हुसेन यांची कबर लुटली आणि हजारो शिया मुसलमान कापले. १९२५-२६ मध्ये मदिनेच्या जन्नतुल बकी या कबरस्तानातले घुमट पाडले गेले. त्या कबरस्तानात पैगंबरांच्या घरातली माणसे पुरलेली आहेत. म्हणजे हा पंथ उठला तेव्हा त्याचा पहिला घाव आपल्याच धर्माच्या माणसांवर पडला.

अरबीत 'तक्फीर' असा शब्द आहे. एका मुसलमानाने दुसऱ्याला 'तू मुसलमानच नाहीस' असे ठरवणे म्हणजे तक्फीर. अतिरेकी आधी हे करतो. आधी माणसाला धर्मातून काढतो, मग जगातून काढतो. दर्ग्यात नाचणारा काढला, शिया काढला, शाळेत शिकणारे पोर काढले. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत १३० च्या वर मुले मारली. २४ नोव्हेंबर २०१७ ला इजिप्तच्या सिनाई भागात अल-रावदा मशिदीत शुक्रवारचा नमाज चालू असताना तीनशेच्या वर माणसे मारली. त्या मशिदीत सूफी पंथाचे लोक येत असत. आणि ज्यांना मुळातच बाहेरचे मानले, त्यांचे हाल तर विचारू नका. २२ सप्टेंबर २०१३ ला पेशावरच्या चर्चमधून रविवारची प्रार्थना आटोपून बाहेर पडणारी ऐंशीच्या आसपास ख्रिस्ती माणसे गेली.

माउली, इथे थोडे थांबून विचार करा. अतिरेकी म्हणतो, 'खरा धर्म माझाच, कबरीपुढे गाणारा तो खोटा.' आणि इकडे राहुटीत बसून आपण म्हणतो, 'त्यांचा खरा धर्म तोच.' दोन्ही वाक्ये जवळजवळ ठेवून पाहा. मारणाऱ्याच्या दाव्यावर आपणच शिक्का उठवतो. ज्याने लेकरू गमावले त्याला आपण मारणाऱ्याच्या पंगतीत बसवतो. त्याला एकदा त्याने मारले, दुसऱ्यांदा आपण.

हे मी दुसऱ्यांना शिकवायला सांगत नाही. हे मी स्वतः केलेले आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. १६६ माणसे गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांबच्या गाड्यांची वाट पाहत सामानावर टेकून बसलेले प्रवासी गोळ्यांनी मारले. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते, परदेशी पाहुणे होते. सारा देश संतापला होता, मीही संतापलो होतो. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका गावच्या सप्ताहात माझे कीर्तन होते. निरूपण करता करता मी विषय तिकडे नेला आणि एका अख्ख्या समाजाविषयी नको ते बोललो. टाळ्या पडल्या. आयुष्यात तेवढ्या टाळ्या मला कोणत्याही अभंगाच्या निरूपणाला पडल्या नाहीत.

त्या सप्ताहाचा लाऊडस्पीकर एका मुसलमान गृहस्थाचा होता. त्याचा बाप त्याच सप्ताहात गॅसबत्त्या लावायचा. दरवर्षी हा माणूस माइक जुळवून झाला की पहिल्या रांगेच्या कडेला येऊन बसे आणि शेवटपर्यंत ऐके. त्या रात्री तो मशीनच्या पेटीपाशी, मांडवाच्या बाहेर बसून राहिला. सकाळी काल्याच्या आधी तो तारा ओढत होता. मी जवळ गेलो. काय बोलावे ते सुचेना. तोच म्हणाला, "महाराज, रात्री आवाज फाटत होता. आज कमी ठेवतो." आणि पुन्हा तारेत हात घातला.

त्याच सुमारास मुंबईतली एक गोष्ट वाचनात आली. मेलेल्या नऊ अतिरेक्यांना पुरण्याची वेळ आली, तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या विश्वस्तांनी आपल्या जमिनीत जागा द्यायला साफ नकार दिला. असले कृत्य करणारे मुसलमान नव्हेत, असे त्यांनी सांगितले. ते मृतदेह वर्षभर तसेच पडून राहिले. ज्या समाजाला मी मांडवात आरोपी केले, त्याने मारेकऱ्यांना मूठभर मातीसुद्धा नाकारली होती. मी मात्र त्यांना सारा धर्म देऊन बसलो होतो.

कोणी म्हणेल, महाराज आता मवाळ झाले. तसे नाही. मारणाऱ्याला मारणाराच म्हणावे. त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, आणि त्याला घडवणाऱ्या शिकवणीवर कठोर बोलावे. त्यात भीड नको. पण ते बोलताना सोसणारा कोण, हे आधी डोळ्यांपुढे असावे. आणि हा आजार एकाच धर्माला होतो असेही समजू नये. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात शुक्रवारच्या नमाजाला आलेली ५१ माणसे एका गोऱ्या वंशाभिमान्याने मारली. तिथे मारणारा कोण आणि सोसणारा कोण, हे क्षणात उलटे झाले.

आपल्या घरातही पाहावे. आपण बंदुका चालवल्या नाहीत हे खरे. पण संन्याशाची पोरे म्हणून निवृत्तिनाथांना आणि माउलींना वाळीत टाकणारे धर्माचेच नाव घेत होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे धर्माचेच नाव घेत होते. चोखोबाराय देवळाबाहेर उभे राहिले आणि १३३८ साली मंगळवेढ्याला वेठीचे काम करताना गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले. पुढे सहाशे वर्षे त्यांच्या माणसांना पंढरीच्या गाभाऱ्याचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी ते दार उघडले. गुरुजींनी दुसऱ्या कोणाला सोसायला लावले नाही, स्वतः सोसले. धर्मासाठी सोसणारा आणि धर्माच्या नावाने दुसऱ्याला सोसायला लावणारा, हा भेद आपल्या परंपरेला ठाऊक आहे. म्हणूनच माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. म्हणूनच देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी पहिला विसावा घेते आणि तिथे अभंग-आरती होते. आणि म्हणूनच 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज आपल्या संतांच्या मालिकेत बसतात.

सेहवानची हकिकत मी अर्धीच सांगितली. स्फोट झाला त्याच रात्रीची पहाट, साडेतीनचा सुमार. दर्ग्याची फरशी अजून धुतलेली नव्हती. अशा वेळी दर्ग्याचा सेवेकरी नेहमीप्रमाणे आत गेला आणि त्याने रोजची घंटा वाजवली. ती थांबणार नाही, असे त्याने सांगितले. नगारेही लगेच पुन्हा वाजू लागले. काही दिवसांनी कराचीच्या नृत्यांगना शीमा किरमानी मुद्दाम तिथे गेल्या आणि भरल्या गर्दीत त्यांनी धमाल केली.

पहाटे साडेतीन म्हणजे आपल्या काकड्याची तयारी सुरू होण्याची वेळ. कोणी विणेकरी उठून वीणा गळ्यात घालतो, कोणी निरांजने पुसतो. त्याच वेळी तिकडे एक माणूस रक्ताच्या फरशीवर उभा राहून घंटा वाजवत होता.

त्या चार पोरांना मी पुढच्या मुक्कामी एवढेच सांगितले. वाद जरूर घाला, पण तोंड उघडण्याआधी मेला कोण आणि तो काय करीत होता, तेवढे विचारून घ्या. एक पोरगा म्हणाला, "मग वादच होणार नाही, महाराज."

मी म्हटले, बरेच झाले. चला, हरिपाठाची वेळ झाली.