कमान कडेपर्यंत कशी पोचली

अमेरिकी क्विल्टच्या, म्हणजे गोधडीच्या, वळणदार किनारीचं मूळ शिवणकामात नाही, घरांच्या गिलाव्यात आहे. १७४८ मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं आणि रोमन घरांच्या भिंतींवरच्या फुलमाळा युरोपच्या डोळ्यांत भरल्या. वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमने त्या इंग्लंडच्या छतांवर चढवल्या, वेजवुडच्या भांड्यांवरही त्या आल्या. पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या लाकडी सामानावर पोचल्या आणि तिथून बायकांच्या सुईत.

१८४० च्या दशकात बाल्टिमोर शहरात आल्बम क्विल्टची लाट होती. एकेक चौकोन एकेकीने शिवायचा, पुष्कळदा त्यावर सहीही करायची. अशा कितीतरी क्विल्टांच्या भोवती लाल-हिरव्या कापडाच्या कमानी तोरणासारख्या लोंबतात. पण त्या वरून लावलेल्या. गोधडीची खरी कड बहुधा सरळच.

या कामात खरी परीक्षा कोपऱ्याची. किनारीएवढा कागद घेऊन घड्यांनी सारखे भाग पाडायचे, बशी ठेवून कमान आखायची, म्हणजे दोन बाजूंच्या कमानी कोपऱ्यावर नेमक्या भेटतात. हिशेब न करता एका टोकाकडून शिवत गेलं, तर शेवटची कमान अर्धीच उरते. जुन्या क्विल्टांत अशा अर्ध्या कमानी दिसतात. मला तर मोजूनमापून बसवलेल्यांपेक्षा त्याच जास्त आवडतात.

कडच वळवायची तर गाठ कापडाशी. सरळ धाग्यात कापलेली काठाची पट्टी वळणावर चुण्या धरते. ४५ अंशांत उरेब कापलेली पट्टी ताणते, म्हणून कमानीभोवती नीट बसते. मात्र तिला कापड जास्त लागतं, जोडही जास्त येतात. शिवाय दोन कमानींमधल्या खाचेत पट्टी वळवताना हात कसलेला हवा.

१९११ च्या जानेवारीत ‘लेडीज होम जर्नल’ या नियतकालिकाने इंडियानातल्या मेरी वेबस्टर यांच्या क्विल्टांची रंगीत चित्रं छापली आणि फिके रंग, नाजूक फुलं घरोघरी पोचली. त्यांच्या काही नमुन्यांची किनार वळणदार होती. मागणी एवढी, की त्या नमुने टपालाने विकू लागल्या. १९२८ मध्ये ‘डबल वेडिंग रिंग’ हा नमुना छापून आला. त्यात एकमेकींत अडकलेल्या गोल कड्यांमुळे बाहेरची कड आपोआपच कमानींची होते, वेगळी किनार लागतच नाही. पुढे महामंदीच्या वर्षांत चिंध्यांतून हे क्विल्ट भरपूर शिवले गेले. तरी उरेब पट्टीचा खटाटोप नको म्हणून कडेच्या खाचा साध्या कापडाने भरून काठ सरळ करणाऱ्याही होत्याच.