नाविक विजयांची इंग्रजी स्मारक पात्रे

इंग्लंडच्या आरमाराने मिळवलेल्या विजयांच्या स्मरणार्थ अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत घडवलेल्या पोर्सिलेनच्या रंगीत किंवा छापील पात्रांना नाविक विजयांची स्मारक पात्रे म्हणतात. त्यांत पेले, सुरया, वाडगे, बशा व चहाचे संच येतात. सेनापतीचा चेहरा, युद्धनौका, नांगर, लॉरेलच्या पानांची माळ आणि लढाईची तारीख ही त्यांवरील नेहमीची चिन्हे होत.

पार्श्वभूमी

ही प्रथा इंग्रजी पोर्सिलेनपेक्षा जुनी आहे. १७३९ मध्ये ॲडमिरल व्हर्नन याने स्पेनकडून पोर्तोबेलो जिंकले, तेव्हा त्याचे नाव साध्या भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर उमटले. इंग्लंडमध्ये पोर्सिलेनचे कारखाने १७४०च्या दशकात सुरू झाले. वुस्टर येथील कारखाना १७५१चा. वुस्टरच्या मिश्रणात शंखजिरे असे, त्यामुळे त्याची भांडी उकळत्या पाण्याने तडकत नसत. चहा पिणाऱ्या समाजात हा गुण मोलाचा ठरला.

रंगकाम आणि छपाई

हाताने रंगवलेल्या पात्रावर झिलई भाजून झाल्यावर धातूंच्या भस्मांपासून केलेले रंग लावत आणि भांडे कमी आचेवर पुन्हा भाजत. सोन्याचा मुलामा शेवटी चढे. हे काम वेळखाऊ व महाग असल्याने ते श्रीमंतांच्या घरीच पोहोचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर उतरवून ते भांड्यावर दाबण्याच्या युक्तीने ही मर्यादा मोडली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये सहा तासांत १,२०० हून अधिक फरश्या छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. वुस्टरमध्ये रॉबर्ट हॅनकॉकने कोरलेली चित्रे पेल्यांवर छापली जात. त्यांत ॲडमिरल बॉस्कॉवेनचाही चेहरा आहे. विजयाची वार्ता ताजी असतानाच माल दुकानात आणणे आता शक्य झाले.

प्रमुख उदाहरणे

१२ एप्रिल १७८२ रोजी वेस्ट इंडीजमध्ये ॲडमिरल रॉडनीने फ्रेंच आरमाराचा पराभव केला. डर्बी कारखान्याने त्यानिमित्त केलेल्या सुरयांच्या चोचीला रॉडनीच्या तोंडवळ्याचाच आकार दिला असून अंगावर फुले रंगवली आहेत व ती तारीख लिहिली आहे. सेनापतीच्या मुखातून पेय ओतण्याची ही कल्पना आज थोडी विनोदी वाटते; त्या काळी तो गौरवच होता. पुढे डर्बीतच जॉर्ज रॉबर्टसन हा चित्रकार जहाजांच्या दृश्यांसाठी प्रसिद्ध झाला.

नेल्सनने ऑगस्ट १८०२ मध्ये वुस्टर येथील चेंबरलेनच्या कारखान्याला भेट देऊन स्वतःसाठी मोठा संच सांगितला. जपानी धाटणीच्या नक्षीत त्याची मानचिन्हे गुंफलेला हा संच ‘होरेशिया’ नावाने ओळखला जातो. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्राफल्गार येथे नेल्सन मारला गेला. संचातील न्याहारीची पात्रे तेवढीच तयार झाली. त्याच्या मृत्यूनंतर मात्र स्वस्त छापील पात्रांचा पूर आला, आणि विजयाइतकाच शोकही विकला गेला.

कोकण किनारा

याच काळात इंग्रजांनी कोकणातही दोन विजय साजरे केले. कमोडोर विल्यम जेम्सने १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि वॉटसन व क्लाइव्ह यांनी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग घेतला. त्यांची स्मृती दगडात राहिली: वेस्टमिन्स्टर ॲबीत वॉटसनचे स्मारक आहे, तर जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ बांधलेल्या त्रिकोणी मनोऱ्याला सुवर्णदुर्गाच्या इंग्रजी अपभ्रंशावरून ‘सेव्हर्नड्रूग’ हे नाव आहे. इंग्रजी स्मारकांत तुळाजी आंग्रे चाचा ठरतो. मराठी इतिहासात हाच प्रसंग वेगळा दिसतो, कारण पेशवा नानासाहेबांनीच तुळाजीविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात जळाले ते मराठी आरमार होते. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉडरिंग्टनचे निशाण ज्या ‘एशिया’ जहाजावर होते, ते मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणीकारांनी बांधले होते.

ओळख आणि नकला

पात्रावरील तारीख लढाईची असते, निर्मितीची नव्हे. त्यामुळे वयाचा निर्णय मातीचा पोत, झिलई, तळाची घडण आणि मुलाम्याची झीज पाहून करावा लागतो. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात नेल्सनच्या मानचिन्हांच्या भांड्यांच्या नकला केल्या. त्या आता स्वतःच जुन्या झाल्याने नवशिक्या संग्राहकाची फसगत होते. छापील चित्रात भिंगाखाली कोरीव रेघा व ठिपके दिसतात, हाताच्या कामात कुंचल्याचे फटकारे दिसतात. अनेक पात्रांत मात्र छापील रेघांमध्ये हाताने रंग भरलेला असतो.