टंचाईकाळातील भाववाढ आणि न्यायाचा प्रश्न : १८७६-७७ च्या दख्खनमधील दुष्काळाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

अवर्षण, युद्ध किंवा साथ यांसारख्या आपत्तीच्या काळात जीवनावश्यक वस्तूंचे भाव चढतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. ही भाववाढ न्याय्य मानावी काय, या प्रश्नाला दोन उत्तरे दीर्घकाळ दिली जात आहेत. चढता भाव हा टंचाईचा परिणाम असून तोच तिच्यावरील उपायही आहे, कारण त्यामुळे दूरचा माल ओढला जातो आणि जवळचा माल पुरवून वापरला जातो, असे एक उत्तर. नडलेल्याच्या गरजेवर नफा मिळविणे हा अन्याय असून शासनाने तो रोखलाच पाहिजे, हे दुसरे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हा वाद बहुधा अमूर्त पातळीवर चालतो. प्रस्तुत लेखात तो महाराष्ट्राच्या भूमीवर, १८७६-७७ च्या दुष्काळाच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या दुष्काळात शासनाने भावांना हात न लावण्याचे धोरण बुद्धिपुरस्सर स्वीकारले होते. त्यामुळे त्या धोरणाची कसोटी येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

पूर्वपरंपरा

वाजवी भाव ही कल्पना भारतीय राज्यव्यवहाराला नवी नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतका नफा व्यापाऱ्यास अनुज्ञेय मानला आहे. संगनमताने माल अडवून भाव चढविणाऱ्या व्यापाऱ्यांस १००० पणांचा दंड सांगितला आहे. दुर्भिक्षात राजाने बी-बियाणे व अन्न पुरवावे, कामे काढावीत, असेही तेथे म्हटले आहे. मराठी अमलात बाजारभावाचा 'निरख' ठरविणे आणि वजने-मापे तपासणे हा कोतवालीच्या कामाचा भाग होता. धान्याच्या चालू भावाला 'धारण' म्हणत. तिच्यावर सरकारची नजर असणे रयतेला स्वाभाविक वाटे.

लोकस्मृतीतील दुष्काळाचे चित्र मात्र निरखाचे नाही, ते उघडलेल्या कोठारांचे आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी सरकारची धान्यकोठारे भुकेल्यांना लुटू दिली, ही कथा त्याचे उत्तम उदाहरण होय. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दामाजीपंतांनी उघडले ते सरकारी कोठार. वाण्याचे पेव उघडले गेल्याची तशी लोकप्रिय कथा नाही. दुष्काळात व्यापारी वर्ग नेहमी तरतोच असेही नव्हे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांच्या घरचा व्यापार बुडाला, त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची परंपरा आहे. भाव चढले म्हणजे सर्वच दुकानदार गबर होतात, हा समज म्हणूनच सरसकट स्वीकारता येत नाही.

अहस्तक्षेपाचा सिद्धान्त

ॲडम स्मिथ यांच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' (१७७६) या ग्रंथात धान्यव्यापारावर एक दीर्घ विवेचन आहे. भाव चढवून व्यापारी लोकांना वेळीच काटकसर करावयास लावतो. गलबतावरील शिधा कमी पडणार असे दिसताच शहाणा तांडेल खलाशांचा रतीब आधीपासून घटवितो, तसेच हे कार्य होय, असा त्याचा आशय आहे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाविषयीही स्मिथ यांनी, कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अनुचित निर्बंधांमुळे टंचाईचे दुष्काळात रूपांतर झाले, असे मत नोंदविले. कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना शिक्षण देणाऱ्या हेलिबरी येथील महाविद्यालयात १८०५ पासून माल्थस अर्थशास्त्र शिकवीत होते. या शिकवणुकीतून तयार झालेल्या प्रशासकांच्या दृष्टीने धान्याच्या भावात हात घालणे हे अज्ञानाचे लक्षण ठरले.

स्मिथ यांच्या दृष्टान्तात मात्र एक उणीव आहे. तांडेल रतीब घटवितो तो सर्वांचा, आणि सारख्या प्रमाणात. चढता भाव तसे करीत नाही. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचे ताट जवळजवळ तसेच राहते, आणि ज्याच्याजवळ नाही त्याचा रतीब शून्यावर येतो.

या सिद्धान्ताची भयंकर प्रचिती १८६६ मध्ये ओरिसात आली. १८६५ च्या अखेरीस पीक बुडाले असतानाही बाहेरून तांदूळ आणण्यास शासनाने नकार दिला. व्यापारी आणतील, अशी अपेक्षा होती. व्यापारी आले नाहीत, कारण प्रांतात साठा नेमका किती शिल्लक आहे याचा अंदाज ना त्यांना होता ना सरकारला. तो संपल्याचे लक्षात आले तोवर पावसाळा लागून बंदरे बंद झाली होती. सुमारे १० लाख माणसे दगावली असे मानले जाते. भाव हा टंचाईचा निरोप पोहोचवितो हे खरे, परंतु तो निरोप उशिरा पोहोचू शकतो, हे या प्रसंगातून दिसून आले. त्याची प्रतिक्रिया म्हणून १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सरकारी खर्चाने साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणविला. मृत्यू फारच थोडे झाले, पण खर्च ६ कोटी रुपयांवर गेला आणि टेंपल यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. हेच टेंपल तीन वर्षांनी दख्खनमध्ये आले, ते काटकसरीचा कट्टर पुरस्कार करीत.

१८७६-७७ : धारण, पेव आणि आगगाडी

१८७६ च्या सप्टेंबरात दख्खनच्या पूर्व भागात पावसाने दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी (पुढील विजापूर), बेळगाव व धारवाड या जिल्ह्यांत दुष्काळ पसरला. त्या काळी भाव रुपयाला किती शेर अशा रीतीने सांगितला जाई. त्यामुळे 'भाव उतरले' म्हणजे शेर कमी झाले, अर्थात महागाई झाली, असा उलटा अर्थ जुन्या कागदपत्रांत ध्यानी ठेवावा लागतो. ज्वारी-बाजरीचे शेर आठवड्या-आठवड्याने घसरू लागले.

आगगाडी हा या दुष्काळातील नवा घटक होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा सोलापूरवरून रायचूरपर्यंत १८७१ मध्ये पोहोचला होता. चढत्या भावाच्या आकर्षणाने उत्तर व मध्य हिंदुस्थानातील धान्य या मार्गाने दख्खनमध्ये उतरले. मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्यांचा हा मुद्दा तथ्याला धरून आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. भाव सक्तीने खाली ठेवले असते तर हे धान्य बहुधा अन्यत्र गेले असते. परंतु धान्य येत होते ते स्थानकापर्यंत. अहमदनगरला तेव्हा रेल्वे नव्हती. धोंड-मनमाड हा मार्ग दुष्काळी काम म्हणूनच बांधला जाऊन १८७८ मध्ये सुरू झाला. कलादगीसारखा जिल्हा तर रेल्वेपासून कोसो दूर होता. तेथे धान्य न्यावयाचे तर बैलगाडीने, आणि कडब्यावाचून बैलच मरत होते. सर्वांत चढा भाव असलेल्या ठिकाणी सर्वाधिक माल जातो हा नियम अशा मुलखात लंगडा पडला. १८८१ च्या जनगणनेत कलादगीच्या लोकसंख्येत जी मोठी घट दिसून आली, तिच्यामागे हेही एक कारण होते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न गावातील धान्याचा होता. दख्खनमध्ये ज्वारी जमिनीतील पेवांत वर्षानुवर्षे साठविली जाई. पेवे शेतकऱ्याचीही असत. परंतु कर्जबाजारी मुलखात सुगीचे धान्य खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जाई, आणि पावसाळ्यात तेच धान्य 'खावटी' म्हणून सवाईने किंवा दिढीने परत मिळे. दुष्काळाच्या एक वर्ष आधी, मे १८७५ मध्ये, सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खते-दप्तरे जाळली होती. सावकार व कुणबी यांच्यातील विश्वास अशा रीतीने तुटला असतानाच दुष्काळ आला. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाच्या झळांबरोबर सावकारांच्या पिळवणुकीचाही उल्लेख आहे.

येथे न्यायाच्या प्रश्नाला एक भेद करावा लागतो. शेकडो मैलांवरून भाडे व जोखीम सोसून धान्य आणणारा आडत्या आणि कुळाचे धान्य सुगीत पडत्या दराने घेऊन तेच त्याला दुष्काळात दिढीने देणारा सावकार, हे दोघे बाजारात एकच धारण सांगत असतील. तथापि पहिल्याच्या भावात गावाला मिळालेले नवे धान्य आहे. दुसऱ्याच्या भावात गावाचेच जुने धान्य आहे, आणि ते त्याच्या हाती गेले ते ऋणकोच्या अगतिकतेमुळे. केवळ आकड्यावरून भाव न्याय्य की अन्याय्य हे ठरविता येत नाही. तत्कालीन सरकारने हा भेद केला नाही. दोघांनाही 'खाजगी व्यापार' या एकाच नावाखाली अभय दिले.

मजुरीचा काटा

भाव मोकळे सोडले तर रयतेच्या हाती पैसा तरी दिला पाहिजे, हे सरकारलाही मान्य होते. दुष्काळी कामांची योजना याच तत्त्वावर उभी होती. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या टेंपल यांनी पुरुषास १ पौंड धान्याची किंमत अधिक १ आणा असा रोजचा दर ठरविला. स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी. धान्य महागले की मजुरी आपोआप वाढावी, अशी ही रचना होती. तत्त्वतः ती चांगली होती. भाववाढीचा भार त्यायोगे मजुरावरून तिजोरीवर जात होता. दोष होता तो मापात. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला १ पौंड धान्य पुरत नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी घेतला आणि मे महिन्यात मद्रासमध्ये दर वाढवून मिळविला.

मुंबई इलाख्यात नवा दर लागू होताच हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाची वृत्ते सरकारकडे धाडली. सभेचे चालक गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताच्या वस्त्रांत उपस्थित राहिले होते. तो दरबार भरविणारे लॉर्ड लिटन यांनीच ऑगस्टमध्ये खाजगी धान्यव्यापारात सरकारने ढवळाढवळ करू नये असे धोरण पुन्हा ठामपणे मांडले. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी आरंभी गुप्तपणे ३० हजार टन धान्य खरेदी केले होते, त्याबद्दल त्यांना वरिष्ठांची नापसंती पत्करावी लागली.

मजुरीच्या या काट्यातून पुष्कळ लोक निसटले. वृद्ध, आजारी आणि लहान मुले कामावर येऊ शकत नव्हती. विणकर, बलुतेदार यांची तर भूक धान्याच्या अभावापेक्षा उत्पन्नाच्या अभावातून निर्माण झाली होती, कारण त्यांच्या मालाला व सेवेला गिऱ्हाईकच उरले नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात मांडलेला अन्नावरील हक्कदारीचा विचार दख्खनमधील या वर्गांना तंतोतंत लागू पडतो. सत्यशोधक समाजाने मे १८७७ मध्ये धनकवडी येथे अनाथ मुलांसाठी चालविलेल्या आश्रमाकरिता मदतीचे आवाहन केले, ते अशाच निसटलेल्यांसाठी होते. १८७६-७८ या काळात ब्रिटिश अमलाखालील प्रदेशातच पन्नास लाखांवर माणसे मृत्युमुखी पडली.

१८८० नंतर

स्ट्रॅची आयोगाने १८८० च्या अहवालात अहस्तक्षेपाचे तत्त्व कायम ठेवले, परंतु काम व निर्वाह पुरविणे हे शासनाचे कर्तव्य मानले. त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र दिशा बदलली. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ ने साठा, वाहतूक व भाव यांवर नियंत्रणाचे व्यापक अधिकार शासनाला दिले. १९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात दोन्ही साधने एकाच वेळी वापरली गेली. एकीकडे रास्त भावाची दुकाने होती आणि खाजगी व्यापाऱ्यांना राज्याबाहेरून धान्य आणण्यास बंदी होती. दुसरीकडे मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. रास्त भावाच्या दुकानांतून मिळालेले धान्य तुटीच्या मानाने अपुरे होते, आणि मजुरीच्या पैशामुळे शेजारच्या राज्यांतून धान्य, बंदी असूनही, आत येत राहिले, असे ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे त्या वर्षी लोक जगले त्यात निर्बंधांपेक्षा मजुरीचा वाटा मोठा होता. याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणे मोर्चे काढले. तेल, साखर व रॉकेल यांच्या साठेबाजीवर त्यांचा रोख होता. शहरातील गृहिणीला भावाचा जाच होता, तर माणच्या मजुराला रोजगाराचा. एका उपायाने दोघांचेही समाधान होणे शक्य नव्हते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुखपट्ट्या व जंतुनाशक द्रव यांचा समावेश ३० जूनपर्यंत अत्यावश्यक वस्तूंत करण्यात आला. तीनपदरी मुखपट्टीस १० रुपये आणि २०० मिलिलिटर जंतुनाशकास १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने मात्र उलट पाऊल टाकले. नाशवंत फलोत्पादनाचा किरकोळ भाव शेकडा १०० ने आणि टिकाऊ शेतमालाचा शेकडा ५० ने वाढल्याखेरीज साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. भाववाढ असह्य कोठे होते, याला कायद्याने आकडा देण्याचा तो प्रयत्न होता. शेतकरी आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस अन्य दोन कृषी कायद्यांबरोबर ही दुरुस्तीही रद्द झाली, आणि १९५५ चा मूळ अधिनियम, ज्यात असा आकडा नाही, पूर्ववत लागू राहिला.