गाईचें ऋण



शिरूरहून दौंड तालुक्यांतील चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हें गांव लागतें. घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच गांवीं. ऊस आणि दूध यांवर या मुलखांतील पुष्कळ संसार चालतात. गोठ्यांतील गाय आजारी पडली कीं घरच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोंचते. म्हणून गुरांच्या रोगांचा इतिहास आपण शहरवासीयांनींही ऐकण्याजोगा आहे.

या इतिहासाचा आरंभ गाईपासूनच होतो. १७९६ सालीं इंग्लंडांत जेन्नर यानें गाईच्या देवींचा अंश एका मुलास टोंचून त्यास माणसाच्या देवींपासून वांचविलें. लॅटिन भाषेंत गाईस ‘वाक्का’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सीन’ हा शब्द निघाला. ही लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली टोंचणी होय. पुढें ‘देवी काढणें’ हा शब्द मराठी घराघरांत रुळला, आणि १९८० सालीं देवींचा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें.

गुरांवरही असेंच संकट होतें. बुळकांडीनें दावणीच्या दावणी ओस पडत. गुरांच्या अशा रोगांच्या संशोधनासाठीं १८८९ सालीं पुण्यांत सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास नेली. लसीच्या बळावर तोही रोग हटला, व २०११ सालीं जग त्यापासून मुक्त ठरलें. मनुष्यानें पृथ्वीवरून समूळ घालविलेले रोग आजवर हे दोनच. आणि दोहोंतही मुख्य शस्त्र लस हेंच होतें.

आतां लम्पीकडे वळूं. १९२९ सालीं आफ्रिकेंत प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ सालीं ओडिशांत आला. ऑगस्ट २०२२ मध्यें जळगांव जिल्ह्यांतील रावेर तालुक्यांत त्यानें डोकें वर काढलें आणि पाहतां पाहतां महाराष्ट्र व्यापला. डांस, चावऱ्या माश्या व गोचीड यांच्याद्वारें तो पसरतो. जनावरास ताप येतो, अंगावर गांठी उठतात, दूध आटतें. सप्टेंबरांत सरकारनें गुरांचे बाजार व शर्यती बंद केल्या आणि मोफत लस देण्याचें काम हातीं घेतलें. ती लस होती शेळ्यांच्या देवींची! दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळांतले. एके काळीं गाईनें माणसास तारलें. या वेळीं शेळीची लस गाईस तारूं लागली.

तरीही कित्येक शेतकरी कचरतात. टोंचल्यावर दोन दिवस दूध कमी होईल, ही त्यांची भीति. पण अंगांत प्रतिकारशक्ति येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. रोग शेजारच्या गोठ्यांत शिरल्यावर धांवाधांव करून काय उपयोग? गोठा स्वच्छ ठेवावा, गोचीड निवारावे, आणि जनावर निरोगी असतांनाच लस टोंचून घ्यावी.

यांत आपलाही वांटा आहे. २०२२ सालीं शहरांतून दुधाविषयीं नसत्या वावड्या उठल्या. लम्पी माणसास होत नाहीं. दूध उकळून निःशंक प्यावें. गांवीं नातलग असतील, त्यांस हें अवश्य कळवावें. गाईचें जुनें ऋण फेडण्याची ही सोपी रीत आहे.