लिंबू लावून कोंबडी मुरवणे

शिजवण्यापूर्वी कोंबडीच्या तुकड्यांना लिंबाचा किंवा दुसऱ्या लिंबूवर्गीय फळाचा रस, मीठ आणि मसाला चोळून ते काही वेळ तसेच ठेवण्याची पाकक्रिया. घरात याला ‘चिकनला लिंबू लावून ठेवणे’ किंवा ‘मुरत ठेवणे’ म्हणतात, हॉटेलात ‘मॅरिनेट करणे’. तव्यावर परतलेल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या किंवा ओव्हनमध्ये केलेल्या सुक्या पदार्थांसाठी ही क्रिया विशेष उपयोगी आहे. रश्श्याच्या कोंबडीला तिची गरज कमी. कोल्हापूर असो वा विदर्भ, रश्श्याबरोबर लिंबाची फोड ताटातच येते आणि खाणारा ती आपल्या चवीने पिळून घेतो.

लिंबू मांसात खोलवर शिरते आणि कोंबडी मऊ करते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे पुष्कळ घरांत चांगली कोंबडी बिघडते. लिंबाचे काम पृष्ठभागावर चालते. तासाभरात रस जेमतेम काही मिलिमीटर आत जातो, रात्रभर ठेवला तरी त्याची मजल फारशी वाढत नाही. जे होते ते या पातळ बाहेरच्या थरातच होते.

कागदी लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण ६ टक्के असते आणि त्याचा सामू २ ते २.५ च्या दरम्यान असतो. हे आम्ल शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे केले ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी, १७८४ मध्ये, लिंबाच्या रसापासूनच. मांसातील प्रथिनांचे रेणू गुंडाळलेल्या स्थितीत असतात. आम्लाचा स्पर्श झाला की ते उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. लिंबू लावल्यावर गुलाबी तुकडा थोड्याच वेळात पांढुरका दिसू लागतो तो यामुळे. कच्च्या कोंबडीचा सामू ६ च्या आसपास असतो, तो ५.२ च्या जवळ उतरला की प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती सर्वांत कमी होते. त्यामुळे नुसत्या लिंबात तासन्‌तास पडलेला बिनहाडाचा तुकडा तव्यावर गेल्यावर पाणी सोडतो, आतून कोरडा राहतो आणि बाहेरून पिठूळ लागतो. हा दोष मसाल्याने झाकता येत नाही.

खोलवर जाण्याचे काम मीठ करते. मीठ तासागणिक आत सरकते, स्नायूंतील मायोसिन नावाचे प्रथिन काही प्रमाणात विरघळवते आणि शिजताना मांसातले पाणी धरून ठेवते. मुरवलेली कोंबडी आतून चविष्ट आणि रसदार लागते त्याचे श्रेय बहुतांशी मिठाचे, लिंबाचे नव्हे. म्हणून मीठ आधी व भरपूर वेळ, लिंबू नंतर व थोडा वेळ, हा क्रम शास्त्राला आणि जिभेला दोन्हींना पटणारा आहे. पोत खरोखर मऊ करायचा असेल तर कच्च्या पपईतील पपेन किंवा अननसातील ब्रोमेलेन ही विकरे लिंबापेक्षा कितीतरी प्रभावी असतात. मात्र त्यांचाही अतिरेक झाला तर तुकड्याचा लगदा होतो.

मग लिंबू कशासाठी? आंबटपणासाठी, आणि त्याहून अधिक वासासाठी. आंबटपणामुळे मीठ-तिखट उठून दिसते आणि कोंबडीच्या चरबीचा जडपणा कमी वाटतो. वास प्रामुख्याने सालीत असतो. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरातील तेलग्रंथींमध्ये लिमोनीन, सिट्रल यांसारखी सुगंधी द्रव्ये असतात आणि ती पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात. त्यामुळे रसाबरोबर थोडी किसलेली साल आणि चमचाभर तेल मसाल्यात घातले तर निम्म्या रसात दुप्पट लिंबू जाणवते. आपल्याकडे साल किसून घालण्याची रीत घराघरांत रुजलेली नाही, ती रुजायला हवी. फक्त किसताना खालचा पांढरा थर येऊ देऊ नये, तो कडू असतो. बियाही रसात ठेचल्या जाऊ देऊ नयेत.

महाराष्ट्रात या कामासाठी सहज मिळणारे फळ म्हणजे कागदी लिंबू. पातळ सालीचे, बियांचे, तीव्र वासाचे हे फळ महाळुंग आणि एका जंगली आग्नेय आशियाई लिंबूवर्गीय जातीच्या नैसर्गिक संकरातून आले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘साई शरबती’, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ हे त्याचे प्रसिद्ध वाण. हस्त बहराची फळे उन्हाळ्यात येतात, तेव्हा मागणी चढी व आवक कमी असते. अशा दिवसांत साल किसून घालण्याची युक्ती खिशालाही मानवते. नागपुरी संत्रे (भौगोलिक मानांकन २०१४) आणि मोसंबी यांच्या रसात आम्ल फार कमी असते, संत्र्यात साधारण १ टक्का किंवा त्याखाली आणि मोसंबीत आणखी कमी. शिवाय त्यात साखर असते, ती तव्यावर लवकर करपते. मोसंबीचा रस ठेवल्यावर कडवट होत जातो हे रसवाल्याकडे ग्लास घेऊन रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा लिमोनिन या द्रव्याचा परिणाम असून मुरवणात मोसंबी टाळावी. संत्रे मात्र लिंबाच्या जोडीने उत्तम चालते.

परदेशातील मराठी घरांत ‘दोन लिंबे’ हे माप फसते. तिथल्या दुकानांत मिळणारे मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू हे पर्शियन लिंबू असते. एका फळाचा रस दोन कागदी लिंबांइतका भरतो आणि त्याचा वास मवाळ असतो. पिवळे लेमन तर वेगळेच फळ, आंबट संत्रे आणि महाळुंग यांच्या संकराचे. माप चमच्यांनी घ्यावे. बाटलीतील तयार रसात आंबटपणा असतो, वास नसतो.

कोंबडीची जातही विचारात घ्यावी लागते. पोल्ट्रीतील ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येतो. त्याचे मांस मुळातच इतके कोवळे असते की ते मऊ करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याला हवी असते चव, आणि तीच त्याच्याकडे कमी असते. लिंबू-मीठ-मसाल्याचे मुरवण हा ब्रॉयलरवरचा सर्वांत सोपा उपाय आहे. गावठी कोंबडीचे उलटे. ती वयाने मोठी, हिंडलेली, चवीला भरलेली असते, आणि तिच्यातील संयोजी ऊतक घट्ट असते. ते सैल होते ते मंद आचेवरच्या दीर्घ शिजण्याने. गावठी कोंबडी लिंबात मुरवून झटपट तव्यावर टाकली तर ती चिवटच राहते. तिचा रस्साच करावा.

मराठी-कोकणी पट्ट्यातील या क्रियेचे सर्वांत देखणे रूप म्हणजे गोव्याचे चिकन कॅफ्रियल. पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींशी, विशेषतः मोझांबिकशी, त्याचे नाते सांगितले जाते. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आले, लसूण, मिरे, लवंग, दालचिनी व जिरे यांचे हिरवेगार वाटण, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, काही घरांत थोडी रम. कोंबडीच्या तंगड्यांना खोल चिरा पाडून हे वाटण आतपर्यंत भरतात, मुरू देतात आणि मग थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परततात. सोबत बटाटा, कांदा, लिंबाची फोड आणि पोई किंवा पाव. साळगावचे ‘फ्लोरेंटाइन’ हे उपाहारगृह या पदार्थासाठी ख्यातनाम आहे. कॅफ्रियलमध्ये चिरांना महत्त्व आहे ते रस खोल जात नाही म्हणूनच. जिथे रस पोहोचत नाही तिथे सुरी पोहोचवते. लिंबाने वाटणाचा हिरवा रंग काहीसा मंदावतो, त्यामुळे रस शेवटी घालणाऱ्यांचे वाटण अधिक ताजे दिसते.

उत्तर भारतातील तंदुरी चिकनच्या पद्धतीतही हेच शहाणपण दिसते. तिथे मुरवण दोनदा होते: आधी चिरा पाडलेल्या कोंबडीला लिंबू, मीठ व लाल तिखट, आणि नंतर पाणी काढलेल्या दह्यातील मसाला. पहिले चव बसवते. दुसऱ्यातील दह्याचे आम्ल सौम्य असते आणि त्याचा थर भट्टीच्या धगीपासून मांस वाचवतो.

जगात इतरत्र याच कल्पनेला स्थानिक फळे व मसाले भेटले आहेत. मेक्सिकोच्या युकातान भागात स्पॅनिशांनी आणलेल्या आंबट संत्र्याच्या रसात अचियोटे या लाल बियांचे वाटण कालवून कोंबडीला लावतात आणि ती केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात. क्यूबाचे ‘मोहो’ही आंबट संत्रे व लसणाचेच. हे फळ न मिळाल्यास दोन भाग गोड संत्र्याचा आणि एक भाग लिंबाचा रस मिसळून जवळपास तीच चव साधते. सेनेगलच्या ‘यास्सा’मध्ये लिंबाबरोबर कांद्याच्या चकत्यांचा ढीग असतो. आधी कोंबडी भाजून घेतात आणि नंतर तोच मुरलेला कांदा परतून तिच्यासह शिजवतात, काहीही वाया जात नाही. इराणचे ‘जूजे कबाब’ लिंबू, कांदा आणि केशराचे. फिलिपीन्समधील बाकोलोद शहराचे ‘इनासाल’ कालामान्सी या चिमुकल्या लिंबाचे, त्यात आपल्या चहातली गवती चहाची पातही असते.

घरगुती प्रमाण असे: १ किलो हाडांसकट कोंबडीला १२ ते १५ ग्रॅम मीठ (बारीक मिठाचे सपाट दोन ते अडीच चहाचे चमचे), अर्धा चमचा हळद, मोठा चमचाभर आले-लसणाचे वाटण, चवीनुसार तिखट, दोन मध्यम कागदी लिंबांचा रस, एका लिंबाची किसलेली साल आणि दोन मोठे चमचे तेल. मीठ, हळद व वाटण आधी चोळून तुकडे फ्रिजमध्ये ठेवावेत, सकाळी ठेवून संध्याकाळी केले तरी चालते. लिंबू, साल आणि तेल शिजवण्यापूर्वी लावावे: बिनहाडाच्या तुकड्यांना २० ते ३० मिनिटे, चिरा पाडलेल्या तंगड्यांना एक ते दोन तास. याहून जास्त वेळ देऊन काही मिळत नाही. अर्धा रस राखून ठेवून कोंबडी आचेवरून उतरल्यावर पिळावा. उष्णतेने लिंबाचा ताजा वास उडून जातो, आणि शेवटी पिळलेला चमचाभर रस मुरवणातल्या तीन चमच्यांचे काम करतो.

तव्यावर टाकण्यापूर्वी तुकडे निथळून, हलके टिपून घ्यावेत. फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या, साखर व अमिनो आम्लांच्या ज्या अभिक्रियेने भाजलेल्या मांसाला तांबूस रंग आणि खमंगपणा येतो, ती आम्लात मंदावते आणि ओलाव्यात तर फारच मंद होते. ओलेगच्च तुकडे एकदम कढईत लोटले की ते भाजले न जाता उकडले जातात. तवा चांगला तापवून, जागा सोडून, थोडे थोडे तुकडे घालावेत.

भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमवर आणि कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेवर आम्लाची क्रिया होते, चव धातूसारखी होते आणि तांबे अन्नात उतरते. लिंबात ठेवलेला लसूण कधीकधी हिरवट-निळा पडतो. ती लसणातील गंधकयुक्त द्रव्यांची आम्लातली क्रिया आहे. ते खाण्यास निर्धोक असते, वाटण फेकून देण्याचे कारण नाही.

लिंबाने जंतू मरतात या भरवशावर कोंबडी ओट्यावर मुरत ठेवण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. पेरूच्या ‘सेविचे’त मासे लिंबाच्या रसात ठेवून आचेशिवाय खातात, तो आधार कोंबडीला लागू नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात आणि मुरवणातील आम्ल त्यांचा पुरता नाश करत नाही. मुरवण झाकून, फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली करावे. फ्रिजबाहेर कच्ची कोंबडी दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आपल्या उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ. नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे जंतू ओटाभर पसरवतात, म्हणून अनेक देशांतील अन्नसुरक्षा यंत्रणा कच्ची कोंबडी न धुण्याचा सल्ला देतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवावी आणि नंतर ओटा, सुरी, पाट साबणाने स्वच्छ करावेत. तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की कोंबडी खाण्यास सुरक्षित होते. लिंबाने आधीच पांढऱ्या झालेल्या मांसाच्या रंगावरून ती शिजल्याचा अंदाज बांधता येत नाही. भांड्याच्या तळाशी उरलेले मुरवणाचे पाणी रश्श्यात किंवा चटणीत घालायचे असेल तर आधी त्याला खळखळून उकळी आणावी.