छापील नकाशातील सोपारे

वसईजवळील निर्मळ क्षेत्री कार्तिक वद्य एकादशीस यात्रा भरते. या तीर्थाच्या शेजारीच सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो येथेच. युरोपात नकाशे प्रथम यंत्रावर छापले जाऊ लागले, तेव्हा या किनाऱ्यावरील ज्या मोजक्या बंदरांची नावे त्यांत उमटली, त्यांत सोपारे होते.

हे नाव कोणा खलाशाने तेथे नेले नव्हते. दुसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश एका ग्रंथात मांडले. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता; व्यापाऱ्यांच्या सांगण्यावर त्याची भिस्त. पंधराव्या शतकाच्या आरंभी हा ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमध्ये उतरला आणि १४७७ साली बोलोन्या शहरी ताम्रपटावर कोरलेल्या नकाशांसह छापून निघाला. (मुद्रकाच्या चुकीने त्यावर १४६२ हे साल पडले आहे!) पुढे १४८२ साली उल्म येथे लाकडी ठशांची आवृत्ती निघाली. ताम्रपटावर अक्षरे उलटी कोरावी लागत; चूक झालीच, तर पत्रा मागून ठोकून सपाट करावा आणि पुन्हा कोरावा. एवढा खटाटोप वारंवार कोण करणार?

आशिया खंडाच्या दहाव्या नकाशात हिंदुस्थान दिसतो तो मात्र ओळखू येत नाही. दक्षिणेचे टोकच नाही, किनारा पूर्वेकडे आडवा पसरलेला, आणि शेजारी लंकाद्वीप अवाढव्य. नाव खरे, पण आकार खोटा.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. पोर्तुगीज दरबार आपले सागरी नकाशे गुप्त ठेवी, तरी बातमी फुटलीच. १५१३ सालच्या स्ट्रासबुर्गच्या आवृत्तीत टोकदार हिंदुस्थानाचा नवा नकाशा आला. नवल असे की, जुना नकाशाही त्याच ग्रंथात कायम राहिला. संपादकांना मूढ म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या पोथीतील पाठ खोडण्यास आपले शास्त्रीही धजत नसत, तीच ही निष्ठा.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. टॉलेमीचा हिंदुस्थान मात्र छापला जातच होता. मर्केटरने १५७८ साली त्यासाठी कोरलेल्या ताम्रपटांवरून अखेरची आवृत्ती निघाली ती १७३० मध्ये. त्यानंतर नऊच वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली.