थायरॉईडची गाठ, मीठ आणि १९५६ साल

सध्या एक मेसेज फिरतोय : आयोडीनच्या मिठामुळेच घरोघरी थायरॉईड झालाय, ते बंद करा आणि सैंधव खा. फॉरवर्ड करण्याआधी जरा मागचा इतिहास बघू.

गळा सुजलाय, अंग जड, थंडी सोसवत नाही, उठता-बसता थकवा. ग्रंथी वाढलीय आणि मंदही झालीय, एवढं कळतं. पण कशामुळे, हे नुसती गाठ बघून सांगता येत नाही.

१९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जननं चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी खच्चून भरल्या होत्या. हा वेगळाच आजार आहे, असं त्यांनी एका जर्मन नियतकालिकात मांडलं. पाश्चात्त्य डॉक्टरांपैकी अनेकांना ते पटलं नाही. हाशिमोतो गावी परतले, तिथंच दवाखाना चालवला आणि १९३४ मध्ये टायफॉइडनं गेले.

मग आलं १९५६. लंडनमध्ये डेबोरा डोनिएक, आयव्हन रॉइट आणि सहकाऱ्यांना हाशिमोतोंच्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शरीरच आपल्या ग्रंथीवर उठलं होतं!

त्याच वर्षी आपल्याकडे कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या चमूनं प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधं. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड झपाट्यानं घटला, साध्या मिठाच्या भागात घटला नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गाठ सारखीच दिसते, पण कारणं वेगळी. म्हणून टीएसएच आणि टी-४ सोबत गरजेनुसार अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी करतात. ती प्रतिपिंडं जास्त निघाली तर संशय हाशिमोतोच्या आजाराचा. तिथं जादा आयोडीन घेऊन उपयोग नाही, उलट त्रास वाढू शकतो. ग्रंथी मंद पडली असेल तर थायरॉक्सिनची गोळी लागते.

पण म्हणून घरचं मीठ बदलायचं का? सैंधवात आयोडीन नगण्य असतं. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

तेव्हा मीठ आहे तेच राहू द्या. घरात कुणाचा गळा सुजला असेल तर डॉक्टरांना गोळीबरोबर कारणही विचारा.